दातावरून वय : देवणीच्या जनावरांच्या बाजाराची जुनी विद्या

बैलाच्या खालच्या जबड्यात समोर आठ दात असतात. वरच्या जबड्यात समोर एकही नसतो. मराठवाड्यातला जनावरांचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालला तो या शरीररचनेच्या आधारावर. खेड्यातल्या वासराच्या जन्माची नोंद कोणत्याही दप्तरात होत नव्हती. विकणाऱ्याचा शब्द धरावा तर तो सौद्यातला एक पक्ष. जनावराचे वय सांगणारा आणि कुणाच्याही बाजूने न झुकणारा साक्षीदार एकच होता, तो म्हणजे त्याचे स्वतःचे तोंड. लातूर जिल्ह्यातील देवणी हे गाव ज्या गोवंशामुळे देशभर ओळखले जाते, त्या गोवंशाची पारख, किंमत आणि वाटचाल बऱ्याच अंशी या तोंडावरून व त्याखालच्या गळ्यावरून ठरत आली आहे.

गाय-बैलाच्या तोंडाची रचना माणसाच्या तोंडाहून वेगळी दिसते, पण दातांची बेरीज चकित करणारी आहे. माणसाला दुधाचे दात वीस आणि कायमचे बत्तीस. गाय-बैलालाही दुधाचे वीस आणि कायमचे बत्तीसच. फरक मांडणीत आहे. माणसाचे दात वर-खाली सारखे वाटलेले असतात. बैलाचे समोरचे आठही दात खाली असतात आणि वर त्यांच्यासमोर हिरडीवर एक कठीण, गुळगुळीत गादी असते. उरलेले चोवीस दात म्हणजे दाढा. त्या वर-खाली, दोन्ही बाजूंना सहा-सहा. समोरचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा असते. बाजारातला जाणकार वेसण धरून जबड्यात बोटे घालतो ती याच जागेतून. तिथे दात नसल्याने बोट चावले जात नाही, आणि आतली जीभ बाजूला सारून खालचा ओठ अंगठ्याने दाबला की सगळी ओळ उघडी पडते. एका क्षणात होणारे हे काम पाहणाऱ्याला सहज वाटते; बुजऱ्या गोऱ्ह्याच्या बाबतीत ते तितके सहज नसते.

चरताना या रचनेचा उपयोग कळतो. गाय गवत कातरत नाही. लांब, खरखरीत जिभेने ती गवताचा झुपका ओढून आत घेते, खालचे दात वरच्या गादीवर दाबते आणि मानेच्या झटक्याने तोडते. जिभेवरचे काटे मागच्या दिशेने वळलेले असल्याने एकदा आत गेलेले सहसा बाहेर येत नाही. कडब्यातली तार किंवा खिळा बाहेर न टाकता ती गिळून टाकते, त्याचे कारणही हेच. गाय आधी भराभर गिळते आणि सावलीला बसल्यावर तेच पुन्हा तोंडात आणून सावकाश चावते. या रवंथात दिवसाचे सात-आठ तास जातात. त्यासाठी लागणारी लाळही तशीच मोठी : माणसाच्या तोंडात दिवसाला एक ते दीड लिटर, तर गाईच्या तोंडात शंभर लिटरहून अधिक.

वय सांगतात ते समोरचे आठ दात. वासरू जन्मते तेव्हाच त्यातले काही दुधाचे दात बाहेर आलेले असतात आणि महिनाभरात आठही दिसू लागतात. ते लहान, पांढरेशुभ्र आणि खुरप्याच्या पात्यासारखे असतात. दुधाच्या दातांवर असलेल्या जनावराला बाजारात ‘आदत’ म्हणतात. मग मधली जोडी पडते आणि तिच्या जागी रुंद, किंचित पिवळसर, कायमचे दोन दात येतात. जनावर दोनदाती झाले. आपल्याकडच्या वशिंडाच्या गुरांत हे साधारण दोन ते अडीच वर्षांच्या वयात घडते. तीन वर्षांच्या आसपास चारदाती, साडेतीन ते चार वर्षांत सहादाती आणि साडेचार-पाच वर्षांत आठही दात पुरे. अशा बैलाला ‘जुळला’ म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींत आदत, दुसा, चौसा असे गट पडतात तेही याच हिशेबाने.

जुळल्यानंतर दाताची भाषा बदलते. आता येणे संपलेले असते, झिजणे सुरू होते. आधी मधली जोडी झिजते, तिची धार जाऊन माथा सपाट होतो. मग शेजारची, मग कडेची. पुढे दातांच्या मुळांकडचा भाग उघडा पडतो, दातांमध्ये फटी दिसतात, आणि शेवटी जनावर बोखे होते. आदत ते जुळला या टप्प्यात वय सहा महिन्यांच्या फरकाने सांगता येते. झिजेवरून केलेला अंदाज मात्र दोन-तीन वर्षांनी चुकू शकतो, कारण मुरमाड रानात चरणाऱ्या आणि गव्हाणीत कडबा खाणाऱ्या जनावराचे दात सारखे झिजत नाहीत. म्हणून म्हाताऱ्या बैलाच्या सौद्यात शिंगाकडे, खुराकडे आणि चालीकडेही पाहिले जाते. शिंग तासता येते, रंगवता येते; गाईच्या शिंगावरच्या वेतांच्या वळ्या घासून कमी करता येतात. न आलेला दात मात्र कुणाला आणता येत नाही. बाजाराने दातावर विश्वास ठेवला तो यामुळे.

ही विद्या किती जुनी आहे याचा पुरावा व्याकरणात सापडावा ही गंमतच म्हणायची. पाणिनीच्या अष्टाध्यायीत वय सांगायचे असेल तेव्हा समासातल्या ‘दन्त’ शब्दाचे रूप बदलावे असा नियम आहे. त्यातून द्विदन्, चतुर्दन् असे शब्द होतात. काशिकावृत्ती हा नियम समजावताना प्रतिउदाहरण देते ते हत्तीचे : दोन सुळ्यांच्या हत्तीला हे रूप चालत नाही, कारण त्याचे दोन दात वय सांगत नाहीत. याच घडणीचा ‘षोडत्’ हा शब्द कोशांत सहा दातांचा तरणा बैल या अर्थाने येतो. म्हणजे दातांच्या संख्येने वय मोजणे हे इसवी सनापूर्वीच इतके रुळलेले होते की व्याकरणाला त्याची वेगळी सोय करावी लागली. ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलने शिंगे असलेल्या प्राण्यांना वरच्या जबड्यात समोरचे दात नसतात हे नोंदवून ठेवले होते. कौटिलीय अर्थशास्त्रातला गोऽध्यक्ष वासरू महिना-दोन महिन्यांचे होताच त्याला खूण करतो आणि जन्मखुणा, रंग, शिंगांमधले अंतर यांसह त्याची नोंद ठेवतो. राजाच्या कळपाला दप्तर होते. सामान्य शेतकऱ्याच्या बैलाला नव्हते. त्याच्यासाठी दातच दप्तर.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गोलक्षणांचा स्वतंत्र अध्याय आहे, आणि तिथे तोंडाकडे वेगळ्या नजरेने पाहिले आहे. ओठ, टाळू आणि जीभ तांबूस असलेला बैल चांगला, हेच अवयव काळे असलेला वाईट. दातावरून वय आणि टाळूवरून नशीब अशा दोन परंपरा बाजारात शेजारी-शेजारी नांदल्या. पहिली पडताळून पाहता येते, दुसरी येत नाही. तरी सौदा मोडायला दुसरीचे निमित्त अधिक वेळा पुढे होत असे, कारण दाताला नाव ठेवता येत नाही आणि खोडीला केव्हाही ठेवता येते.

देवणी हे गाव लातूर जिल्ह्याच्या पूर्व कडेला, कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्याला लागून आहे. निजामाच्या राजवटीत हा भाग बिदर जिल्ह्याच्या उदगीर तालुक्यात मोडत असे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीरसह हा मराठी मुलूख मुंबई राज्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्याला जोडला गेला. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला आणि १९९९ मध्ये देवणी हा त्याचा तालुका. सरहद्द सरकत राहिली, पण गुरांच्या कळपांना तिचे सोयरसुतक नव्हते. आजही देवणी गोवंश बिदरच्या बाजूला तितकाच पाळला जातो आणि कर्नाटक त्याला आपलाही मानतो.

हा वंश गीर, डांगी आणि स्थानिक गुरांच्या संकरातून घडला असे पशुशास्त्रज्ञ मानतात. डोंगरी किंवा डोंगरपट्टी हे त्याचे जुने नाव. पुढे आलेले भरदार कपाळ आणि लांब लोंबते कान ही गीरची आठवण. पावसापाण्यात टिकण्याचा काटकपणा डांगीचा. त्याचे तीन प्रकार सांगतात : पांढराशुभ्र तो बालंक्या, अंग पांढरे पण चेहऱ्याच्या बाजू काळ्या तो वानेरा, आणि पांढऱ्यावर काळे पट्टे-ठिपके तो शेवरा. बैल कामाचा आणि गाय दुधाची, असा दुहेरी उपयोग असलेला हा वंश आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९५३ मध्ये भारत-पाकिस्तानातल्या वशिंडाच्या गुरांवर जोशी आणि फिलिप्स यांचा मोठा ग्रंथ काढला, त्यातही देवणीला स्थान आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात कंधारचा लाल कंधारी हा दुसरा नामांकित वंश. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत आणि उदगीरजवळच्या हाळी-हंडरगुळीच्या बाजारात हे दोन्ही वंश समोरासमोर उभे राहत आले आहेत.

काळ्या भारी जमिनीत नांगर, वखर आणि तिफण ओढणाऱ्या शेतकऱ्याला दाताचा हिशेब का लागे, हे समजणे अवघड नाही. आदत गोऱ्हा स्वस्त, पण त्याला शिकवायला हंगाम जातो. दोनदाती गोऱ्ह्याला औताची सवय लावता येते. चारदाती-सहादाती बैल हाती काम देतो आणि पुढची आठ-दहा वर्षे देत राहतो, म्हणून त्याची किंमत सर्वांत चढी. जुळलेल्या बैलाचे पहिले एक-दोन हंगामही चांगले. त्यानंतर भाव उतरू लागतो. जोडी लावताना दोघांचे दात सारखे असावेत असा आग्रह असे. एक दोनदाती आणि एक जुळलेला अशी जोडी औताला लावली तर तरणा पुढे ओढतो, जाणता मागे राहतो आणि जू एका खांद्यावर येते.

सौदा उघड बोलीने होत नसे. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालत आणि बोटांच्या खुणांनी किंमत ठरवीत. भोवतालच्या गर्दीला आकडा कळत नसे. किंमत झाकलेली आणि दात सगळ्यांसमोर उघडा, असा हा रिवाज होता. देवणीसारख्या सीमेवरच्या बाजारात मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे एकत्र येत, तिथे बोटांची भाषा सोयीचीही होती. सौदा पटला की विसार दिला जाई, आणि विसार दिल्यावर पुन्हा तोंड उघडून पाहणे अप्रतिष्ठेचे मानले जाई. फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढू नये, यासाठी ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ ही म्हण मराठीत आली ती अशाच व्यवहारातून. विकत घ्यायच्या गाईचे दात मोजणे हा मात्र गिऱ्हाइकाचा हक्क होता. १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्यानंतर असे बाजार हळूहळू बाजार समित्यांच्या आवारात आले, पावती फाटू लागली. दात पाहण्याची पद्धत तशीच राहिली.

माणसाच्या बाबतीतही दाताने हेच काम केले आहे. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कारखाना कायद्याने लहान मुलांच्या कामावर बंधने आणली, पण मुलांच्या जन्माच्या नोंदी नव्हत्या आणि आईबाप वय वाढवून सांगत. तेव्हा एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने १८३७ मध्ये दात हीच वयाची कसोटी धरावी, असे पुस्तिका लिहून मांडले. आजही न्यायवैद्यकात वयाचा वाद निघाला तर अक्कलदाढ आली का आणि क्ष-किरण चित्रात तिचे मूळ किती भरले आहे, हे पाहिले जाते. लंडनच्या दंतवैद्याचा प्रश्न आणि देवणीच्या दलालाचा प्रश्न एकच होता : कागद नाही, आणि बोलणाऱ्याचा स्वार्थ गुंतलेला आहे.

तोंडानंतर गळा. देवणीच्या मानेखाली लोंबणारी कातडीची पोळी मोठी आणि वळ्यांची असते. वशिंडाच्या गुरांत अंगाच्या मानाने कातडीचे क्षेत्र जास्त असल्याने उन्हाचा ताप बाहेर टाकायला मदत होते असे मानतात. बाजारात मात्र पोळी पाहतात ती वंशाची खूण म्हणून. गळ्याच्या आत घशाची रचना बरीचशी माणसासारखीच आहे. तोंडातून अन्ननलिकेकडे जाणारी वाट आणि नाकातून श्वासनलिकेकडे जाणारी वाट घशात एकमेकींना ओलांडतात, आणि गिळताना स्वरयंत्रावरचे झाकण श्वासाची वाट राखते. प्रौढ माणसाचे स्वरयंत्र गळ्यात बरेच खाली असते. त्यामुळे त्याला बोलता येते, पण ठसकाही त्यालाच अधिक लागतो. गाईचे स्वरयंत्र उंच, टाळूच्या मागच्या मऊ भागाला लागून असते.

तरीही गुरांच्या घशात अपघात होतात, आणि त्यातले बरेच माणसाच्या हातून. आजारी जनावराला औषध पाजायची जुनी रीत बांबूच्या नळीची. नळी तोंडाच्या त्याच मोकळ्या फटीतून आत सारायची आणि काढा ओतायचा. डोके फार उंच उचलले किंवा जीभ बाहेर ओढून धरली, तर जनावराला गिळता येत नाही, औषध श्वासनलिकेत उतरते आणि फुप्फुसाला सूज येते. मूळ आजारापेक्षा पाजण्याने जनावर दगावल्याची उदाहरणे पशुवैद्यांना नवी नाहीत.

गळ्याचा खरा वैरी घटसर्प. पावसाळ्याच्या तोंडाला पाश्चुरेला नावाच्या जिवाणूमुळे तो येतो. घशाखाली गरम, कडक सूज येते, जीभ बाहेर पडते, श्वासाला घरघर लागते आणि बरीच जनावरे दिवसाभरात मरतात. लहान मुलांच्या घशात पडदा धरणाऱ्या रोगालाही मराठीत घटसर्पच म्हणतात, पण त्याचा जिवाणू वेगळा, आणि एकाची लस दुसऱ्याला लागू पडत नाही. तोंडाचे दोन रोग बाजाराला त्याहून महाग पडले. लाळ-खुरकुतात जीभ आणि हिरड्यांवर फोड येतात, लाळ गळते, जनावर खाणे सोडते; मरत नसले तरी कामातून जाते. बुळकांडी मात्र कळपच्या कळप नेत असे. ओठाच्या आतल्या बाजूला, हिरडीवर आणि टाळूवर कोंड्यासारखे पांढरट व्रण ही तिची पहिली खूण. दात पाहायला तोंड उघडणाऱ्या दलालालाच ती आधी दिसे. रोगी जनावर खपवायचे की बाजाराबाहेर काढायचे, हा निर्णयही त्याच्याच हाती असे, आणि साथी बाजारांतून पसरल्या त्याचे हे एक कारण.

१८७१ मध्ये हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने गुरांच्या साथींवरचा अहवाल ब्रिटिश सरकारला दिला. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये परळला सुरू झाले. १८८९ मध्ये पुण्यात जिवाणूशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा निघाली. चार वर्षांत ती हिमालयातल्या मुक्तेश्वरला हलवली, कारण इतक्या संसर्गजन्य रोगांवर दाट वस्तीजवळ काम करणे धोक्याचे होते. तिथेच १९२० च्या दशकात एडवर्ड्स यांनी शेळीत वाढवलेल्या विषाणूपासून बुळकांडीची लस तयार केली. स्वातंत्र्यानंतर देशव्यापी मोहीम झाली, २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये जगातून हा रोग संपल्याचे जाहीर झाले. माणसाच्या देवीनंतर संपूर्ण उच्चाटन झालेला हा दुसराच रोग. मराठवाड्यातली म्हातारी माणसे बुळकांडीच्या आठवणी सांगतात; तरुण पशुवैद्यांनी ती फक्त पुस्तकात पाहिली आहे. लाळ-खुरकुताविरुद्धची देशव्यापी लसीकरण मोहीम २०१९ मध्ये सुरू झाली. उदगीरला १९८७ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे देवणीच्या पशुपालकाला तज्ज्ञ आता तासाभराच्या अंतरात मिळतो.

बाजाराला मात्र उतरती कळा लागली, आणि ती रोगांमुळे नव्हे. ट्रॅक्टर आला तशी बैलजोडीची गरज घटली. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये ती मूलतः कायम ठेवली. कायद्याच्या हेतूबद्दल मते वेगळी असतील, परंतु झिजल्या दाताच्या बैलाला गिऱ्हाईक उरले नाही, आणि म्हाताऱ्या बैलाच्या पैशात थोडी भर घालून नवा गोऱ्हा आणण्याचे जुने गणित त्याने मोडले, हे नाकारता येत नाही. तेव्हा दुष्काळही होता, त्यामुळे घाव दुहेरी बसला. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाच्या साथीत राज्यातले जनावरांचे बाजारच काही काळ बंद ठेवावे लागले.

आता ओळख कानात आली आहे. बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला कानाला टोचला जातो आणि त्या क्रमांकावर जनावराचा वंश, लसीकरण आणि मालक यांची नोंद संगणकात राहते. बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री १ जून २०२४ पासून बंद करण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. मात्र या नोंदीत वयाचाही रकाना असतो, आणि गोठ्यात जन्मलेले वासरू सोडले तर खात्रीची जन्मतारीख क्वचितच मिळते. अशा वेळी बिल्ला टोचणारा कर्मचारी जनावराची वेसण धरतो, खालचा ओठ दाबतो आणि दात मोजून वय लिहितो.